आरशाच्या अलीकडे

सोमवार, ३ मे १९९३

आज पहिला दिवस पार पडला. सोइलाला सांगितलं की मंत्रालयात बदली झालीय, कायद्यांचे मसुदे तपासायचं काम आहे. तिने "बरं" म्हटलं आणि माझा टाय सरळ केला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कामाबद्दल खोदून विचारायची तिला सवय नाही. ते बरंच आहे.

पडद्यांची गाडी औषधाच्या दुकानापाशी उभी होती. आत बसल्यावर शिपायाने एक काळी लोकरी टोपी दिली. ती हनुवटीपर्यंत येते, डोळ्यांपुरती भोकं ठेवलेली. माझ्याआधी ती कुणीतरी वापरलेली होती. तोंडापाशी लोकर वाळून कडक झाली होती आणि तिला शिळ्या कांद्याचा वास येत होता. तुरुंगाचं फाटक येईपर्यंत मी परक्या माणसाचा श्वास हुंगत बसलो.

कोर्ट तुरुंगातच आहे. खोलीच्या मधोमध भिंतीएवढा आरसा आहे. आरोपीला आरसा दिसतो, आम्हाला त्या जागी काच. आम्ही तिघे. अध्यक्ष सेगार्रा, पिनेदो आणि मी. निकालावर नाव घालायचं नाही, आकडा घालायचा. लोक आम्हाला बिनचेहऱ्याचे म्हणतात. म्हणोत.

गेल्या वर्षी माझा मित्र, न्यायाधीश तेओफिलो लेगिया, बेकरीतून पाव घेऊन निघाला आणि दारातच त्याला गोळ्या घातल्या. सेंदेरोच्या, म्हणजे डोंगरातल्या त्या बंडखोरांच्या, एका खटल्यात त्याने निकाल दिला होता, एवढाच गुन्हा. एक पोरगी पुढे आली, हसून "डॉक्टर लेगिया?" (न्यायाधीशांना इथे डॉक्टरच म्हणतात) म्हणाली, आणि तो "हो" म्हणाला. मी पोचलो तेव्हा फुटपाथवर पडलेले पाव लोक वेचत होते. ज्याला रक्त लागलं नव्हतं तो पाव पिशवीत जात होता. जास्त शिसारी मला कुणाची आली ते अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवशी हे शहर साफ करायला कुणीतरी हात घाण केले पाहिजेत असं मला वाटलं. म्हणून या कामाला हो म्हटलं.

गुरुवार, ६ मे

आवाज बदलायचं यंत्र आहे. आपण बोललो की पलीकडे पिंपात कोंडलेलं बदक ओरडावं तसं ऐकू जातं. आज सेगार्राने एका पोराला "तू गुन्हा कबूल करतोस का?" विचारलं आणि पोराला हसू फुटलं. भीतीचं हसू होतं ते, मला स्पष्ट दिसलं. सेगार्राने त्याच्या नोंदीत 'कोर्टाचा अवमान, पश्चात्ताप नाही' असं घातलं.

पंचवीस वर्षं दिली. तेवढ्यात नाश्ता आला होता. सेगार्राला मधुमेह आहे, त्याला वेळेवर खावं लागतं. त्याने शिक्षा वाचली ती पावात घातलेली कोंबडी चावता चावता. यंत्राने चावण्याचा आवाजही मोठा केला असणार. पलीकडे पोराची आई खालच्या बाकावर बसली होती, तिने मान वर करून आरशाकडे पाहिलं. बाई आपल्याच तोंडाकडे बघत होती.

काचेवर आतून तेलाची बोटं उमटली आहेत. ती कुणी पुसत नाही.

मंगळवार, १८ मे

आज देसिदेरिओ नावाचा म्हातारा होता, वरच्या डोंगरातला. आत आला आणि टोपी काढून आरशाला वाकून नमस्कार केला. मग आरशातला म्हाताराही वाकलेला पाहून पुन्हा वाकला. शिपाई हसले. पिनेदोही हसला.

त्याला केचुआखेरीज भाषा येत नाही. दुभाषा नव्हता. एका पहारेकऱ्याची आजी त्या बाजूची, म्हणून त्यालाच उभा केला. म्हातारा बराच वेळ बोलला. पहारेकऱ्याने सांगितलं, "नाही म्हणतोय."

आरोप असा की त्याने सेंदेरोवाल्यांना मेंढी दिली. साक्ष एका शरण आलेल्याची. त्याचं नाव कुणाला कळत नाही, त्याला कोर्टात बोलावता येत नाही. दहा नावं सांगितली की त्याची शिक्षा निम्मी होते. नावं सांगणाऱ्याला नाव नाही, पोलिसाला नाव नाही, आम्हाला नाही. सगळ्या खोलीत नाव असलेला तेवढा एक म्हातारा.

मी सेगार्राला म्हटलं, "यात काही नाही. सोडून द्यायला हवं."

"मेंढी दिली ना?"

"बंदूक लावली तर तूही देशील."

"माझ्याकडे मेंढ्या नाहीत," तो म्हणाला. पण पिनेदोचं आज पोट दुखत होतं, त्याला लवकर घरी जायचं होतं. तो माझ्या बाजूने आला. म्हातारा सुटला. खूप दिवसांनी आज मी पोटभर जेवलो.

रविवार, ६ जून

निकानोर जेवायला आला होता. सोइलाचा धाकटा भाऊ, वरच्या वस्तीतल्या शाळेत संगीत शिकवतो, आणि सणासुदीला गावाकडच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतो. मला हा माणूस कधी फारसा झेपला नाही. बुटांना कायम चिखल, आणि आवाज असा की भिंतीपलीकडचे शेजारीही आपल्याच पंगतीत बसल्यासारखे वाटतात. पण तो आला की सोइला खुलते.

"काय दाजी, मंत्रालयात खुर्ची गरम करताय म्हणे?" आल्या आल्या त्याचं सुरू झालं. "आमच्या शाळेला दोन ढोल मिळवून द्या की. आहेत त्यांची कातडी फाटलीय. पोरं पातेली बडवतात."

"अर्ज कर," मी म्हटलं.

"अर्ज केला. उत्तर आलं, ढोल ही चैन आहे. बरोबरच आहे म्हणा. पातेल्याचा आवाज खणखणीत येतो."

जेवताना त्याने एक हकिगत सांगितली. गेल्या वर्षी गुरांच्या सणाला त्यांचा बँड वरच्या एका गावात गेला होता. नाच रंगात आला आणि डोंगरातून सेंदेरोची पोरं उतरली. बंदुका रोखून म्हणाली, आता आमची गाणी वाजवा. येत नसतील तर आम्ही म्हणतो, तुम्ही सूर धरा.

"धरला मग," निकानोर म्हणाला. "ढोलकऱ्याची विजार ओली झाली. मी एवढा बेसूर वाजवला की त्यांचा म्होरक्या म्हणाला, बास, क्रांतीची लाज काढशील."

सोइला हसता हसता डोळे पुसत होती. मी त्याला बजावलं, "हे बाहेर कुठं बोलू नकोस."

"बाहेर कशाला? तुम्ही घरचेच."

बुधवार, २३ जून

निकानोरला शाळेतून उचलून नेलं. वर्गातून, मुलांसमोर. सॅक्सोफोनची पेटीही नेली, पुरावा म्हणून.

सोइला सकाळपासून या कचेरीतून त्या कचेरीत हिंडते आहे. सगळीकडे एकच उत्तर, असा कुणी इथे नाही. एका ठिकाणी तिने बाकावर त्याचं जाकीट पाहिलं. शिपायाला म्हणाली, "हे माझ्या भावाचं, याची बाही मीच शिवलीय." शिपाई म्हणाला, "बाई, जाकिटं सगळी सारखीच असतात," आणि ते उचलून आत घेऊन गेला.

काहीतरी चूक झाली असेल, दोन दिवसांत सुटेल, असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "अशी चूक होते का रे?"

"क्वचित," मी म्हटलं.

रविवार, ४ जुलै

आज भांडी विसळताना ती अचानक बोलायला लागली. पाठ माझ्याकडे, नळ चालू.

"निकानोरनं कधी कुठल्या पक्षाचं कार्ड घेतलं नाही. शिक्षकांच्या संघटनेचंसुद्धा नाही, वर्गणी चुकवायचा म्हणून काढून टाकलं त्याला. त्या गावात त्यांनी बंदुका लावल्या होत्या. बँडमधले सगळे सांगतील, पण त्यांना बोलवायचं नाही म्हणतात. वकीलबाई म्हणाली, साक्षीदारच नको म्हणतात. नाव घेणारा पोरगा त्याचा जुना विद्यार्थी असावा. मारलं असेल त्याला. मारल्यावर माणूस कुणाचंही नाव घेतो, आधी तोंडात येतं ते शिक्षकाचं."

मी म्हटलं, "सोइला, मला हे सगळं माहीत आहे."

"माहीत आहे. तरी ऐकून ठेव." तिने नळ बंद केला, हात पुसले आणि माझ्या कानामागून काहीतरी काढलं. काळ्या लोकरीचा धागा. "मंत्रालयात फार थंडी असते का?"

"जुनी इमारत आहे," मी म्हटलं.

बिचारी. कुणाजवळ तरी मन मोकळं करायला हवं तिला, म्हणून माझ्याजवळ बोलते. मी काय करू शकणार होतो? ती तो धागा बोटाला गुंडाळत उभी राहिली. मी पेपर उघडला.

मंगळवार, २७ जुलै

देसिदेरिओचा निकाल वरच्या कोर्टाने रद्द केला. ते वरचेही बिनचेहऱ्याचेच. म्हाताऱ्याला परत आणलं, नवा खटला, वीस वर्षं. रद्द केल्याच्या हुकमाबरोबर एक चिठ्ठी आली, की काही न्यायाधीश राष्ट्राच्या संकटाबाबत पुरेसे गंभीर दिसत नाहीत. पिनेदोने ती वाचली आणि त्यानंतर दिवसभर त्याने माझ्या बाजूला मान वळवली नाही.

उद्या राष्ट्रीय सण. गल्लीत घरोघर झेंडे लागले आहेत, नाही लावला तर दंड होतो. मीही लावला. लोखंडी काठी ओली होती, हाताला गंज लागला, साबणानेही निघाला नाही.

गुरुवार, १२ ऑगस्ट

सोमवारच्या खटल्यांच्या फायली आल्या. तिसरी निकानोरची.

मी सेगार्राला बाजूला घेतलं. "हा माझ्या बायकोचा भाऊ आहे. मला यातून बाहेर ठेव."

त्याने डबा उघडला, आत मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले पिठाचे तमाल होते. एक मला देऊ केला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तू कोण? तू आकडा आहेस. आकड्याला मेव्हणा असतो का? तू उठलास तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की तुझं नाव फाईलवर आलं. फाईल किती हातांतून जाते माहीत आहे? मग एक दिवस तूही बेकरीत जाशील."

"मग आजारी आहे म्हणून—"

"मग तुझ्या जागी नौदलाचा तो वकील येईल. त्यानं आजवर एकालाही तीसच्या खाली सोडलेलं नाही. बघ बाबा, तुझा मेव्हणा." त्याने तमालाचं पान चाटून बाजूला ठेवलं. "खरं सांगू? तू असलास तर बरंच आहे त्याच्या दृष्टीनं."

हे मलाही पटलं. आत राहून काहीतरी करता येईल. बाहेरून हात चोळत बसण्यात काय अर्थ आहे? मी थांबायचं ठरवलं. मात्र बोलायचं नाही. यंत्र असलं तरी माझी बोलायची ढब निकानोर ओळखेल. वर्षानुवर्षं तो माझी नक्कल करून घरच्यांना हसवत आलाय.

सोमवार, १६ ऑगस्ट

त्याला पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत आणलं. बारीक झालाय. डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. मी ती बोटंच पाहत राहिलो, कारण चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. आरशापुढे बसल्यावर त्याने आधी स्वतःकडे नीट पाहिलं आणि केस सारखे केले.

वकील इबार्सेना म्हणून तरुण बाई आहे. तिने सुरुवातच अशी केली, "मी कुणाशी बोलते आहे ते मला माहीत नाही."

"कायद्याशी बोला," सेगार्राचं बदक म्हणालं.

"कायद्यानं मला साक्षीदार विचारू दिला तर बोलेन. माझ्या अशिलाचं नाव ज्यानं घेतलं त्याला फक्त एक विचारायचंय, त्या सणाला तो स्वतः हजर होता का?"

"परवानगी नाही."

"पोलिसांना विचारायचंय, ही बोटं कशानं मोडली?"

"परवानगी नाही. बाई, तुम्हाला बसायचं आहे की तुमच्याविरुद्ध नोंद करू?"

ती बसली. मग निकानोरला विचारलं, सेंदेरोच्या कार्यक्रमात वाजवलं का. तो म्हणाला, "वाजवलं साहेब. बंदूक समोर असली की माणूस सूर कुठला ते विचारत नाही. तुम्हाला म्हणून सांगतो, फार वाईट वाजवलं."

"म्हणजे कबूल."

"वाईट वाजवल्याचं कबूल."

पिनेदोने काहीतरी निरर्थक विचारलं, शाळेत पोरांना कुठली गाणी शिकवतोस म्हणून. मग सेगार्राने माझ्याकडे पाहून भुवई उचलली. ती हकिगत मी माझ्या जेवणाच्या टेबलावर ऐकली होती. या खोलीत खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. मला काही विचारायचं नाही.

आरोपीला बाहेर नेल्यावर सेगार्रा म्हणाला, "सरकारी वकील तीस मागतोय. मी तीसच्या बाजूचा, पिनेदो माझ्या बाजूचा. तू वेगळं मत दे, खुशाल दे. त्याला तीस मिळतील आणि तुझं मत त्या म्हाताऱ्याच्या फायलीशेजारी जाईल. नाहीतर तिघं मिळून वीस करू. घरचा माणूस म्हणून."

पिनेदो खिडकीकडे बघत होता. तिथे खिडकी नाही, रंगवलेली चौकट आहे.

मी वीसवर आकडा घातला. दहा वर्षं वाचवली मी त्याची. हे मी इथे लिहून ठेवतो आहे, कारण हे मी कुणालाच सांगू शकणार नाही.  

बुधवार, १८ ऑगस्ट

सोइलाला वकीलबाईकडून कळलं. ती रडली नाही. माझ्यासाठी सूप वाढलं, स्वतः खाल्लं नाही.

"वीस," ती म्हणाली.

"तीसही झाले असते," मी म्हटलं. "अशा प्रकरणांत तीस होतात. त्या मानानं—"

तिने हातातली पळी खाली ठेवली. "त्या मानानं काय?"

मी पावाचा तुकडा सुपात बुडवला. ती तशीच उभी राहिली, मी काहीतरी बोलेन अशी वाट पाहत असल्यासारखी. मग निकानोरच्या खोलीत, म्हणजे आमच्याकडे आला की तो झोपायचा त्या खोलीत, जाऊन झोपली. तिला भावाची आठवण येत असणार. अजून तिथेच आहे.

सोमवार, ६ सप्टेंबर

काम चालू आहे. आज सात निकाल दिले. पाचव्या की सहाव्या आरोपीच्या वेळी माझ्या लक्षात आलं की मीही खात होतो. केळं. साल मी टेबलाखाली ढकललं. सेगार्राने पाहिलं आणि डोळा मारला, आता तू आमच्यातला झालास अशा अर्थाने. त्या माणसाचा मला इतका वीट आला आहे की त्याने हात लावलेल्या पेनाने आकडा घालताना मी रुमाल धरतो. आणि तरी आकडा घालतो.

शनिवार, २५ सप्टेंबर

आज भेटीचा दिवस होता. यापूर्वी दर वेळी सोइला एकटी जायची. मी काहीतरी सबब काढायचो. आज सकाळी ती म्हणाली, "तो तुझी आठवण काढतो. चल."

त्याच तुरुंगात पुढच्या दाराने गेलो. माझ्या हातावर शिक्के मारले, बूट काढायला लावले, बायकांना वेगळ्या खोलीत नेऊन तपासलं. सोइला बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती ब्लाउजची बटणं पुन्हा पुन्हा चाचपत होती. "काय केलं?" मी विचारलं. "नेहमीचंच," ती म्हणाली. नेण्यासाठी तिने उकडलेले बटाटे केले होते. शिपायाने प्रत्येक बटाट्यात तीच सळई खुपसून पाहिली, जी त्याने आधीच्या बाईच्या साबणात खुपसली होती.

दोन जाळ्या, त्यांच्यामध्ये हातभर अंतर. पलीकडे निकानोर. दोन्हीकडून शेकड्याने माणसं ओरडत होती, त्यात त्याचा आवाज मला लगेच सापडला.

"आलात, दाजी. शर्टाला इस्त्री! तुरुंगातसुद्धा?"

"कसा आहेस?"

"सूर लागत नाही. बोटं अजून आखडतात." त्याने हात वर करून दाखवला, काही विशेष नाही अशा थाटात. "ताईकडे लक्ष द्या. ती जेवत नाही, मला दिसतं."

मग तो जाळीला नाक लावून म्हणाला, "एक सांगायचं होतं. तिघं होते आरशामागे. दोघं बोलले, त्या भयंकर आवाजात. तिसरा मात्र एक अक्षर बोलला नाही. बाकी सगळ्यांना तिघंही विचारतात म्हणे, मला त्या तिसऱ्यानं काही विचारलं नाही. मी खूप विचार केला यावर. तो चांगला माणूस असणार, दाजी. त्याला ते पटत नसणार. म्हणून तर वीस झाले, नाहीतर तीस ठरलेलेच होते. त्यानं भांडण केलं असेल माझ्यासाठी आत. नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही, पण रोज झोपताना मी त्याचं भलं चिंततो. तुम्ही कायद्यातले, तुम्हाला काय वाटतं? असेल ना तसं?"

सोइला माझ्या शेजारी उभी होती. तिने जाळीतून बोटं घातली होती. ती निकानोरकडे बघत नव्हती.

"असेल," मी म्हटलं.

"बघ ताई, दाजीसुद्धा म्हणतात."

घंटा झाली. तो जाताना मागे वळून हात हलवत राहिला, आखडलेलाच हात.

बाहेर आलो. बसथांब्यावर धूळ उडत होती. मला वाटलं आता काहीतरी बोललं पाहिजे. मी म्हटलं, "सोइला, त्याला असं काही मनात धरू देणं बरं नव्हे. खोटी आशा. पुढच्या वेळी मी त्याला समजावून सांगतो की तिथलं कामकाज..."

"नको," ती म्हणाली. आवाज शांत होता. "तू त्याला तीसचे वीस करून दिलेस. आत असंच ठरतं, हे वकीलबाईनं सांगितलं; तू कुठं बसतोस, ते त्या काळ्या धाग्यानं. आता हे एवढं त्याच्याकडे राहू दे. याला हात लावू नकोस."

बस आली. ती पुढे जाऊन एका बाईशेजारी बसली. माझ्यासाठी मागे जागा होती.